जिथं मेस बंद, तिथं मंडळ सुरू

सतरा सप्टेंबर म्हणजे काय, हे नांदेड-लातूरच्या पोरांना सांगावं लागत नाही. सकाळी झेंडावंदन, मुक्तिसंग्रामावरचं भाषण, मग सुट्टी. १९४८ साली या दिवशी निजामाची राजवट संपली. आता आदल्या दिवसाची गंमत बघा. १६ सप्टेंबर हा ‘मलेशिया दिन’. १९६३ साली मलाया, सिंगापूर, सबाह आणि सारावाक मिळून मलेशिया देश झाला. सिंगापूर दोन वर्षांतच बाहेर पडलं, ते सोडा. या दिवसाची देशभर सुट्टी मात्र २०१० पासून सुरू झाली. एखाद्या वसतिगृहात मराठवाड्याची आणि मलेशियाची पोरं शेजारी राहिली, तर सलग दोन दिवस झेंडे, दोन दिवस गोडधोड आणि लेक्चरला दोन दिवस दांडी!

मलेशियाची पोरं भेटायला विमानच पकडावं लागतं असं नाही. त्याच २०१० साली बेळगावात ‘युनिव्हर्सिटी सायन्स मलेशिया’चा डॉक्टरकीचा अभ्यासक्रम केएलई संस्थेच्या साथीनं सुरू झाला. शिकायचं बेळगावात, पदवी घ्यायची मलेशियाची. त्याआधी १९९७ पासून मणिपालला मेलाका-मणिपाल कॉलेज होतंच. निम्मा अभ्यास मणिपालला, निम्मा मलेशियातल्या मेलाका शहरात. आपली पोरं एमबीबीएससाठी रशिया-किर्गिझस्तान गाठतात आणि मलेशियाची बेळगाव.

सणांची लयलूट

मलेशियन विद्यार्थी जगात कुठंही गेले की आधी सोसायटी, म्हणजे विद्यार्थी मंडळ, काढतात आणि तिला वर्षभर काम पुरतं. कारण साधं आहे. देशात मलय, चिनी आणि भारतीय वंशाचे लोक एकत्र राहतात, त्यामुळं ईद, चिनी नववर्ष आणि दिवाळी, तिन्हींना सुट्टी. (दिवाळीला एकटं सारावाक राज्य अपवाद.) परदेशी विद्यापीठातल्या सोसायटीला तिन्ही साजरे करावे लागतात, नाहीतर एक गट रुसायचा.

त्यांच्या चिनी नववर्षाचा एक पदार्थ आहे, ‘यी सांग’. कच्चा मासा आणि किसलेल्या भाज्या एका मोठ्या ताटात. सगळ्यांनी ताटाभोवती उभं राहायचं, चॉपस्टिकनं ते मिश्रण वर उडवायचं आणि ओरडून शुभेच्छा द्यायच्या. जितकं उंच उडेल तितकं वर्ष भरभराटीचं. हॉलचं भाडं भरणाऱ्या खजिनदाराचं मत वेगळं असू शकतं.

चहासुद्धा उडवूनच. ‘तेह तारिक’ म्हणजे दूध घातलेला चहा, एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतत राहायचा, फेस येईस्तोवर. आपल्या गाड्यावरचा चहावाला बघता बघता शिकेल.

पण त्यांची खरी घेण्यासारखी चीज म्हणजे ‘ओपन हाउस’. सणाच्या दिवशी घराचं दार उघडं. ओळखीचा, अनोळखी, कुठल्याही धर्माचा, येईल त्यानं जेवून जायचं. परदेशात विद्यार्थी सोसायट्या हाच रिवाज चालवतात. लंडनमध्ये तर बेजवॉटर भागात ‘मलेशिया हॉल’ आहे. तिथल्या कँटीनचा नारळाच्या दुधात शिजवलेला भात, ‘नासी लमाक’, मलेशियन पोरांच्या बोलण्यात सारखा येतो.

डॉक्टर आनंदीबाईंची पार्टी

‘हे असलं आपल्यात कधी होतं?’ असं कुणी म्हणेल. होतं की. आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो आठवा: एका रांगेत तीन तरुणी, तिघींचे तीन देशांचे पोशाख. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तारीख १० ऑक्टोबर १८८५, गाव फिलाडेल्फिया, आणि प्रसंग? कॉलेजच्या डीननी दिलेला स्वागत समारंभ! आज विद्यापीठं ‘इंटरनॅशनल डे’ म्हणून जे करतात, तेच.

बाबासाहेबांनी वसतिगृह का सोडलं?

१९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. आधी मुक्काम हार्टली हॉल या वसतिगृहात. तिथलं जेवण पचेना: धड शिजवलेलं नसायचं, त्यात गोमांस फार. मग ते गेले कॉस्मोपॉलिटन क्लबात, जिथं परदेशी विद्यार्थ्यांची वस्ती होती. पुढं लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली घेतली. ही दोस्ती आयुष्यभर टिकली आणि नंतर पैशाच्या अडचणीत भथेनाच कामी आले. खानावळ वाईट निघाली नसती, तर ही ओळख झाली असती का कोण जाणे.

एका दसऱ्याचं जेवण

२४ ऑक्टोबर १९०९. लंडनमधल्या भारतीयांनी दसऱ्याचं जेवण ठेवलं. अध्यक्ष मोहनदास गांधी, वक्ते विनायक दामोदर सावरकर. आजच्या कुठल्याही मंडळाला ही पत्रिका छापायला मिळाली तर हॉल पुरणार नाही!

गांधींनी अध्यक्षपदासाठी अटी घातल्या: जेवण शाकाहारी हवं आणि वादग्रस्त राजकारणावर भाषण नको. दोन्ही मान्य झाल्या. आणि मग काय झालं? गांधी रामावर बोलले. सावरकर उठले आणि म्हणाले, राम खरा, पण विजयादशमीच्या आधी नऊ दिवस दुष्टांचा संहार करणाऱ्या दुर्गेचं नवरात्र असतं. राजकारणाचा एक शब्द न उच्चारता दोघांनी आपापलं सगळं सांगून टाकलं. वक्त्याला विषयाचं बंधन घालून काही होत नाही, हे संयोजकांना तेव्हापासून माहीत असायला हवं.

एक आठवण अशीही सांगितली जाते की, गांधी वेळेच्या आधीच येऊन स्वयंपाकघरात कामाला लागले होते आणि भाज्या निवडणाऱ्या पोरांना बराच वेळ कळलंच नाही की आपले अध्यक्ष हेच. मंडळाच्या कामात दोन जाती असतात: स्टेजवरची आणि पडद्यामागची. एकाच संध्याकाळी दोन्हीत बसणारा अध्यक्ष विरळाच.

अशी मंडळं नवी नाहीत: भारतीय विद्यार्थ्यांनी केंब्रिजला ‘मजलिस’ नावाची सभा काढली १८९१ साली, ऑक्सफर्डला १८९६ साली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. म्हणजे दोन मराठी माणसं भेटली की तीन मंडळं निघतात, हा विनोद आपल्याला निदान नव्वद वर्षं लागू आहे.

वसतिगृहातल्या प्रार्थनेमुळं देशांतर

आता घराजवळ या. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या पोराला कॉलेज म्हणजे औरंगाबाद, नाहीतर थेट हैदराबादचं उस्मानिया. नोव्हेंबर १९३८मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणायचं ठरवलं. मनाई झाली. मुलं हटली नाहीत. लोण उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचलं आणि शेकडो विद्यार्थी कॉलेजातून काढले गेले. त्यांना दार उघडलं नागपूर विद्यापीठानं, कुलगुरू होते टी. जे. केदार.

काढलेल्यांत करीमनगरकडचा एक मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. नागपुरात तो कायदा शिकला. मराठी इतकी मुरली की ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यानं तेलुगूत नेली. पुढं पंतप्रधान झाला, हे वेगळं सांगायला नको. वसतिगृहाच्या वॉर्डननं मुलांना गाऊ दिलं असतं, तर तेलुगू वाचकांची एक कादंबरी हुकली असती.

लातूरचा रविवार

लातूर हे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचं शहर. १९८०च्या दशकाच्या शेवटी राजर्षी शाहू महाविद्यालयातून परीक्षेच्या कसून तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ निघाला. तेव्हाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी (हो, पुन्हा सतरा सप्टेंबर) नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा पहिले कुलगुरू तेच. आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय कोणता, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य. नीटच्या धबडग्यात बुडालेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

या शहरात सोसायटी नाही, घटना नाही, सचिव नाही. जे आहे ते मेस. आणि मेसचा आठवड्याचा सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे रविवारची फीस्ट. दुपारी गोड, पुरी, मसालेभात. संध्याकाळी पाटी: मेस बंद. आता काय करायलाव? मग खोल्याखोल्यांतून पोरं निघतात आणि टोळ्या तालुक्याप्रमाणं पडतात. अहमदपूरवाले एकीकडं, देगलूरवाले एकीकडं, मुखेडचे दोघंच असले तरी त्यांचं वेगळं. कुणाच्या घरून आलेला चिवडा, कुणाच्या आईनं बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, एक वडापाव, चौघं खाणारे. मलेशियन सोसायटीला हॉल लागतो, लातूरच्या पोरांना गच्ची.

नांदेडच्या पोरांना ‘मेस बंद’चा धाक तेवढा नाही. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर सगळ्यांना खुला आहे. डोकं झाकायचं, पंगतीला बसायचं, कोण कुठला हे कुणी विचारत नाही. ओपन हाउस म्हणतात ते हेच, फक्त सणापुरतं नाही, रोजचं. होळीच्या सुमाराला इथला ‘हल्ला महल्ला’ बघायला देशभरातून शीख भाविक येतात. निशाणं, घोडे, हल्ला बोलत धावणारी मिरवणूक! परदेशात ‘कल्चरल नाइट’ची तिकिटं विकली जातात. नांदेडच्या विद्यार्थ्याला हे कॉलेजच्या वाटेवर फुकट दिसतं.

सहा जण, पाच मिनिटं

ज्यांना स्टेज हवं, त्यांच्यासाठी विद्यापीठाचा युवक महोत्सव आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, चार जिल्ह्यांची कॉलेजं एका मांडवात. नियम देशभर जवळपास सारखे. मूकाभिनय: सहा जण, पाच मिनिटं. प्रहसन: सहा जण, दहा मिनिटं. एकांकिका: अर्धा तास, नऊ जण. नकला: एकटाच. वर्षभर सरांची नक्कल गच्चीवर करणाऱ्याला इथं त्याच कामाचं बक्षीस मिळतं, कधी कधी त्याच सरांच्या हस्ते. जिंकलेले राज्यपातळीवर ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवाला जातात. राजभवनाच्या पुढाकारानं २००३ साली तो सुरू झाला. मुंबई-पुण्याच्या सफाईदार संघांसमोर मराठवाड्याची पोरं लोककलेत उतरली की मांडव उठून बसतो, असं माझं पक्षपाती मत आहे आणि ते बदलायचा माझा विचार नाही.

आपलं ओपन हाउस

आणि आता आपल्या भागाचा हुकमी एक्का: वेळ अमावस्या. मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या कडेचे तालुके सोडले, तर बाकी महाराष्ट्रात हा सण फारसा कुणाला माहीत नाही. पुण्यात सांगा, ‘वेळेवर या’ असं काहीतरी समजतील. लातूरला जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी देतात आणि शहरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस पडतात, कारण सगळे शेतात.

ज्वारी-हरभरा रानात उभा. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड. पूजा झाली की पंगत: डाळी, ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरी-ज्वारीचे उंडे, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर आणि मडक्यातली थंडगार आंबील. आंबील दोन पेले झाली की झाडाखाली झोप ठरलेली.

या सणाचा रिवाज असा की, ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. ओळख असो नसो, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारतात, ‘या, जेवून जावा.’ मलेशियाच्या पोरांनी परदेशात जपलेली गोष्ट आपल्या बांधावर आहेच, तिला फक्त सोसायटीचं नाव नाही.

वसतिगृहातली बरीच लेकरं मात्र त्या दिवशी खोलीतच असतात, कारण गाव लांब आणि दोन दिवसांनी टेस्ट. लातुरात किंवा आसपास तुमचं शेत असेल, तर येत्या वेळ अमावस्येला शेजारच्या हॉस्टेलवरची चार पोरं गाडीत घाला. भज्जी जरा जास्त करा, आणि टेस्टचा विषय कुणी काढू नका.