बारा व्होल्टचा पंखा, पंचेचाळीस अंशांचा पारा

नवतपा लागला की तुमसरात दुपारी माणूस कूलरसमोर बसतो आणि कॉम्प्युटर आपल्या पंजाएवढ्या पंख्यावर भागवतो. "पंखा तर जोरात फिरतोय, मग डबा एवढा तापतोय का?" असं गिऱ्हाईक विचारतंच. कारण पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. चिप खोलीपेक्षा ४० अंशांनी जास्त तापत असेल, तर जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ती ६५ ला थांबते. पारा ४५ ला गेला की तोच पंखा, तेच काम, आणि चिप ८५ वर. आणखी वर गेली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. याला म्हणतात थ्रॉटलिंग. मशीन हँग झालं म्हणून आपण शिव्या घालतो, पण बऱ्याचदा ते बिचारं जीव वाचवत असतं.

कूलरची गोष्ट निराळी. तिथे ओल्या वुडवूलमधलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. म्हणून कोरड्या मेमध्ये गारवा मिळतो आणि पहिला पाऊस पडला की नुसती चिकचिक. (कॉम्प्युटर कूलरच्या झोतात ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर हसून सोडून द्या. तुषार आणि सर्किट यांचं जमत नाही.)

आता पंखा उलटा करून स्टिकर वाचा. '१२ व्होल्ट, ०.१५ अँपिअर' म्हणजे १.८ वॉट. छताचा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो. आणखी एक खूण: मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या ज्या बाजूला, हवा सहसा त्याच बाजूने बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतात, पण ते बघतो कोण! उलटा बसवलेला पंखा महिनोन्‌महिने गरम हवा आतच ढकलत राहतो.

खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, आणि स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटायची ताकद. यातली गंमत अशी की दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पहिला मोजतात समोर काहीच आड नसताना, दुसरा वाट पूर्ण बंद करून. तुमचा डबा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो.

खरं नाट्य बेअरिंगचं. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं. दुकानात त्याला 'बुश' म्हणतात. ही बहुधा कांस्याच्या भुकटीची दाबून, भाजून केलेली नळी. तिच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. उष्णतेने तेल सुकलं की सकाळी मशीन चालू करताना घर्रर्र आवाज येतो, आणि मेकॅनिक न उघडताच सांगतो, "बुश गेला." बॉल बेअरिंग थोडं जास्त बोलतं, पण उन्हाळा सोसतं. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगमध्ये दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. आयुष्याच्या आकड्याला एल-टेन म्हणतात. त्याचा अर्थ, तेवढ्या तासांत शंभरातले दहा पंखे बाद झालेले असतील. हा आकडा बऱ्याचदा ४० अंशांना धरून दिलेला असतो. आमच्या मेमध्ये ४० म्हणजे जरा बरा दिवस!

पाती बहुधा ७, ९ किंवा ११, विषम. पाती आणि मागच्या काड्या यांचा मेळ जमला की एकाच सुराची भुणभुण सुरू होते, म्हणून हा आकडा मुद्दाम जुळू देत नाहीत.

चार तारांच्या पंख्यात दोन तारा विजेच्या. तिसरी फेऱ्या कळवते: दर फेरीला दोन ठोके. चौथी वेगाचा हुकूम देते, तोही सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद करून. इतकं का? माणसाचा कान २० हजारांच्या पुढचं ऐकत नाही म्हणून. आत चुंबक कुठे आलाय हे ओळखणारा हॉल सेन्सर १८७९ मध्ये एडविन हॉल यांना सापडलेल्या परिणामावर चालतो. तेव्हा कॉम्प्युटरचा पत्ताही नव्हता.

वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते. म्हणून छोट्या पंख्याला पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवावा.

तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणींत मँगनीज निघतं. पंख्याच्या चुंबकात ते सहसा नसतं; तिथे स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमचं फेराइट असतं. पण पंख्याला १२ व्होल्ट पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरचा काळा गाभा बहुतेक वेळा मँगनीज-झिंक फेराइटचाच.

लॅपटॉपमधला चपटा पंखा मात्र ब्लोअर. तो मधून हवा ओढतो आणि कडेने फेकतो. राइस मिलमध्ये तांदळातून तूस उडवणारा ब्लोअर याच जातीचा, फक्त आकाराने राक्षस. त्याने उडवलेल्या धुळीतली थोडी गल्लीतल्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतेच. ती हवेच्या प्रेशरने काढताना पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर पंखा मर्यादेबाहेर फिरतो, बेअरिंग खातो, वर जनरेटर बनून बोर्डाकडे उलटी वीज पाठवू शकतो.