सीईएचा आकडा कसा वाचायचा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट हाती आला की घरचे आधी ठळक छापलेला सीईएचा आकडा शोधतात. त्याचा अर्थ लावायचा तर हे प्रथिन रक्तात येतं कुठून, तिथपासून सुरुवात करावी लागते.

१९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना ते आतड्याच्या गाठींत आणि गर्भाच्या आतड्यात सापडलं. निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यातही ते थोडं असतं, हे नंतर कळलं. तिथल्या पेशी ते आतड्याच्या पोकळीकडे सोडतात आणि शौचावाटे ते निघून जातं. कॅन्सरच्या पेशींना ही दिशा उरत नाही. त्या ते सगळ्या बाजूंनी सोडतात, म्हणून ते रक्तात उतरतं.

बहुतेक लॅब ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही वरची मर्यादा धरतात. पण सिगारेट ओढणाऱ्यांत तो आकडा एरवीही जास्त असतो. सीईएचा निचरा यकृत करतं, त्यामुळे यकृत आजारी असलं तरी तो चढतो. उलट काही गाठी सीईए फारसं बनवतच नाहीत. म्हणूनच धडधाकट माणसाच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ही तपासणी घुसडणं मला पैसे वाया घालवणं वाटतं. रोग शोधायला शौचातल्या रक्ताची तपासणी आणि कोलोनोस्कोपी आहेत.

सीईएचा खरा उपयोग ऑपरेशननंतर. गाठ पूर्ण निघाली असेल तर वाढलेला आकडा साधारण चार ते सहा आठवड्यांत खाली येतो. पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी तो पाहतात, शक्यतो एकाच लॅबमध्ये. लागोपाठ चढू लागला तर स्कॅन. केमोथेरपीच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र तो तात्पुरता उसळू शकतो. तेवढ्यावरून औषध फसलं असं ठरवत नाहीत.

रिपोर्टमधली अल्ब्युमिन आणि सीआरपी ही आणखी दोन प्रथिनं मात्र गाठीपेक्षा शरीराची हालत सांगतात. दोन्ही यकृतात बनतात. शरीरात दाह पेटला की इंटरल्युकिन-६ हा निरोप यकृताला पोहोचतो. यकृत सीआरपी धडाधड बनवतं आणि अल्ब्युमिनचं काम मागे पडतं. शिवाय अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. म्हणून ‘अल्ब्युमिन कमी आलंय, अंडी द्या’ हा सल्ला अर्धाच. खाणं हवंच, पण दाह चालू असेतो नुसत्या अंड्यांनी आकडा हलत नाही.

ग्लासगोच्या डॉक्टरांनी या दोघांची सांगड घालून गुण ठरवले. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की एक. त्यासोबत अल्ब्युमिन डेसिलिटरमागे साडेतीन ग्रॅमच्या खाली असेल तर दोन. सुधारित पद्धतीत नुसतं अल्ब्युमिन कमी असलं तर गुण शून्यच. गुण जास्त, तितकी पुढची वाट अवघड. एकेका रुग्णाचं भविष्य मात्र त्यातून निघत नाही. साध्या सीबीसीतल्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतल्या, न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागूनही असाच अंदाज बांधतात, पण साधा ताप किंवा स्टिरॉइडही ते गुणोत्तर बदलतं.

इम्युनोथेरपी लागू पडेल का, हे मात्र यातला कुठलाच आकडा सांगत नाही. त्यासाठी गाठीच्या तुकड्यावर एमएमआर तपासणी करतात. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं त्या पेशींत शाबूत आहेत का, ते तीत दिसतं. साधारण १५ टक्के गाठींत ही दुरुस्ती बिघडलेली असते. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये जपलेला असतो. ही तपासणी राहिली असेल तर बहुतेक वेळा त्याच ब्लॉकवर करता येते.