चॉकच्या सागरातील विषमरूप अ‍ॅमोनाइट : संग्रह आणि स्तरनोंद

अ‍ॅमोनाइट म्हटले की एकाच पातळीत चक्राकार गुंडाळलेले कवच डोळ्यांसमोर येते. या प्राण्यांचा बहुतांश इतिहास अशा कवचांचाच आहे. क्रिटेशस कल्पात मात्र त्यांच्या एका मोठ्या शाखेने ही रचना सोडून दिली. तिच्यातील काही कवचे काठीसारखी सरळ झाली, काही आकड्यासारखी वळली, काही गोगलगायीच्या शंखाप्रमाणे मनोऱ्याच्या आकाराची झाली, तर काहींचे वेढे परस्परांपासून सुटून मळसूत्रासारखे मोकळे राहिले. यांना विषमरूप अ‍ॅमोनाइट म्हणतात. त्यांच्या चमत्कारिक आकारामुळे संग्राहकांचे लक्ष त्यांच्याकडे सहज वेधले जाते. परंतु त्यांचे शास्त्रीय मोल आकारापेक्षा त्यांच्या स्तरस्थानावर अधिक अवलंबून असते. इंग्लंड व डेन्मार्क येथील चॉकच्या खडकांत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते.

चॉक हा सूक्ष्म शैवालांच्या चुनामय पट्टिकांचा बनलेला पांढरा, मृदू चुनखडक होय. उत्तर क्रिटेशस काळात, म्हणजे सुमारे १० कोटी ते ६·६ कोटी वर्षांपूर्वी, वायव्य युरोपाच्या मोठ्या भागावर पसरलेल्या सागरात तो साचला. या खडकात सागरी अर्चिन, कालवे व बेलेम्नाइट विपुल मिळतात, कारण त्यांचे सांगाडे कॅल्साइटाचे असतात. अ‍ॅमोनाइटाचे कवच अ‍ॅरॅगोनाइटाचे असल्यामुळे ते लवकर विरघळून जाते आणि मागे राहतो तो केवळ साचा. गाळ लवकर घट्ट झाला नाही तर तो साचाही चेपून नाहीसा होतो. यास्तव चॉकच्या एखाद्या थरात अ‍ॅमोनाइट नाहीत एवढ्यावरून त्या सागरात ते नव्हते असा निष्कर्ष काढता येत नाही.

ज्या थरांत मातीचे प्रमाण अधिक आहे, किंवा जेथे गाळ साचणे मंदावून सागरतळ लवकर कठीण बनला, तेथेच हे साचे चांगले टिकले. पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे केंटमधील फोकस्टन व ससेक्समधील ल्यूइस यांच्या परिसरातील करडा चॉक. दुसऱ्याचे उदाहरण म्हणजे ‘चॉक रॉक’ या नावाने ओळखला जाणारा कठीण थर. त्यातील मृदुकाय प्राण्यांचे वर्णन हेन्री वुड्स यांनी १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केले. मोकळ्या मळसूत्राच्या आकाराचे हायफँटोसेरस आणि नावेसारखे स्कॅफाइटीझ त्यात मिळतात. कधी कधी अ‍ॅमोनाइट सर्वस्वी नाहीसा झालेला असतो; पण त्याला चिकटून वाढलेल्या कालवाच्या शिंपल्यावर त्याच्या कवचाचा ठसा राहिलेला आढळतो. असे शिंपले म्हणूनच टाकून देऊ नयेत.

विषमरूप कवच क्वचितच अखंड मिळते. बहुधा हाती येतात ते तुकडे, आणि तुकडे फसवे असतात. अ‍ॅनिसोसेरसाचा सरळ दांडा बॅक्युलाइटीझासारखा दिसू शकतो. खुद्द बॅक्युलाइटीझाच्या आरंभी एक अतिसूक्ष्म वेटोळे असते. ते तुटून गेल्यामुळे कवच मुळापासून सरळ असल्याचा भास होतो. स्कॅफाइटीझाचा आकडा प्राणी प्रौढ झाल्यावरच तयार होतो. शिवाय एकाच जातीत मोठी व लहान अशी दोन प्रौढ रूपे असतात. १९६२-६३ मध्ये माकोव्स्की व कॅलोमन यांनी अशी रूपे नर-मादीची असल्याचा विचार अ‍ॅमोनाइटांविषयी पुढे मांडला. त्यापूर्वी ती पुष्कळदा भिन्न जाती म्हणून नोंदली जात. टरिलाइटीझ हा नवशिक्यास गोगलगायीचा शंख वाटतो. परंतु आतील पडदे आणि पडदे कवचास मिळतात तेथील नागमोडी संधिरेषा पाहिल्या म्हणजे शंका उरत नाही. शिवाय बहुसंख्य गोगलगायी उजव्या वळणाच्या असतात, तर टरिलाइटीझ सामान्यतः डाव्या वळणाचा असतो.

स्तरनोंदीचे महत्त्व याच टरिलाइटीझाच्या उदाहरणाने समजावून घेता येते. लामार्कने १८०१ मध्ये नाव दिलेली टरिलाइटीझ कोस्टेटस ही जाती मध्य सिनोमेनियन काळातील एका अल्पविभागाची निदर्शक मानली जाते. हीच जाती तमिळनाडूत, तिरुचिरापल्लीच्या उत्तरेस असलेल्या उट्टाटूर गटाच्या खडकांतही आढळते. ते खडक चॉकचे नाहीत. तरीही ससेक्सचा करडा चॉक व उट्टाटूरचे चिकणमातीचे थर समकालीन ठरविण्यास हा जीवाश्म साधनीभूत होतो. त्या प्रदेशातील अनेक विषमरूपांचे वर्णन स्टोलिच्का यांनी १८६०-७० या दशकात केले होते. मात्र ज्या तुकड्याचा थर नोंदलेला नाही, त्याच्या आधारे अशी तुलना करता येत नाही.

थरांकडे दुर्लक्ष झाल्यास सिद्धान्तही कसा चुकतो, याचे उदाहरण या प्राण्यांनीच पुरविले आहे. अल्फियस हायट (१८३८-१९०२) यांच्या मते वंशालाही व्यक्तीप्रमाणे वार्धक्य येते, आणि उलगडलेली कवचे हे त्या वार्धक्याचे लक्षण होय. विषमरूपे म्हणजे ऱ्हासाची चिन्हे, हा समज दीर्घकाळ टिकला. कवचे थरांच्या अनुक्रमाने लावून पाहिली तेव्हा निराळेच चित्र दिसले. उलगडणे ट्रायासिक व जुरासिक कल्पांतही घडले होते. क्रिटेशसमध्ये काही उलगडलेल्या वंशांपासून पुन्हा गुंडाळलेली कवचे उत्पन्न झाली; वीडमन यांनी १९६९ मध्ये याची सविस्तर मांडणी केली. डेन्मार्कमधील स्टेव्हन्स क्लिंट येथे क्रिटेशसच्या अगदी शेवटच्या चॉकमध्येही बॅक्युलाइटीझ व स्कॅफाइटीझाचे आप्त आढळतात. ज्यांना वृद्ध ठरविले गेले तेच अखेरपर्यंत टिकून होते.

याच ठिकाणच्या एका वादात स्तरनोंदीची खरी कसोटी लागते. कल्पसीमेच्या किंचित वरच्या चुनखडकातही असे अ‍ॅमोनाइट मिळतात. माखाल्स्की व हाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ते सामूहिक विनाशातून काही काळ वाचल्याचे प्रतिपादन केले. ते खालच्या थरातून वाहून आलेले असतील तर हे प्रतिपादन कोसळते. साच्यातील भरण वरच्या चुनखडकाचे आहे की खालच्या चॉकचे, हा येथे निर्णायक प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर नमुन्याला चिकटलेल्या खडकातच असते.

यावरून संग्राहकाची कर्तव्ये ठरतात. नमुना काढण्यापूर्वी गारगोटीचा पट्टा किंवा मार्लचा थर अशी ओळखता येईल अशी खूण निवडून तिच्यापासूनचे अंतर सेंटिमीटरांत मोजावे. तुकडा कोणत्या दिशेने पडलेला होता हे लिहावे. एकाच कवचाचे वाटणारे तुकडे एकत्र ठेवावेत, पण ते जुळल्याची खात्री होईपर्यंत चिकटवू नयेत. संरक्षित कड्यांवर हातोडा चालविण्यास मनाई असते. तेथे खाली पडलेल्या दगडांवरच भिस्त ठेवावी लागते. अशा दगडाचा थर ठाऊक नसला तरी त्यातील सूक्ष्मजीवाश्मांवरून तो पुष्कळदा ठरविता येतो. म्हणून नमुना फार स्वच्छ करू नये. भोवतीच्या खडकाचा थोडा अंश राखून ठेवावा. तो धुऊन टाकला तर कवच सुबक दिसेल, पण त्याचा काळ सांगणारा पुरावा नाहीसा होईल, आणि तो पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळविता येणार नाही.