जुन्या वस्तू ऑनलाइन विकताय? आधी त्यांचे वय तपासा

माजरीसारख्या कोळसा वसाहतीत निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना जुना रेडिओ, पितळी डबे, कंदील भंगारात किलोच्या भावाने जातात. याच वस्तूंचे फोटो मोबाइलवरून टाकले, तर संग्राहक जास्त पैसे देऊ शकतात. मात्र जोडधंदा सुरू करण्याआधी हे नियम माहीत हवेत.

शंभरीची अट : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रे ‘पुरावस्तू’ ठरतात. मौल्यवान हस्तलिखितांसाठी मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. खासगी व्यक्तीला त्या परदेशात पाठवता येत नाहीत. त्यामुळे भाव वाढावा म्हणून ‘१०० वर्षे जुने’ असे लिहू नका. खरे असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, खोटे असेल तर फसवणुकीचा.

वाघनख, कातडे : आजोबांच्या काळातले असले तरी विकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

‘जुन्या नोटेचे लाखो’ : रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी शुल्क किंवा कमिशन मागितले, तर देऊ नका. बँक असे व्यवहार करत नाही, असा इशारा तिने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे.

मग विकायचे काय? : रेडिओ, कॅमेरे, घड्याळे, अलीकडची भांडी. फोटोत पोचा, गंजही दाखवा. वस्तू परत येण्याची शक्यता कमी होते.