निर्वात नळींतील तप्त ऋणाग्र

बारामती व इंदापूर या तालुक्यांत राहणाऱ्या आपणांस गुऱ्हाळ नवें नाहीं. चुलाण पेटलें, काहिलींतील रस तापला, कीं वाफ उठूं लागते. आंच मंदावली कीं ती ओसरते. बिनतारी संदेशांच्या निर्वात नळींतही असाच प्रकार घडतो. तो आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

१९२७ सालीं विलायतेशीं बिनतारी संदेशांची देवघेव सुरू झाली, तेव्हां संदेश खडकीहून पाठविले जात व आमच्या शेजारच्या दौंडास घेतले जात. संदेश घेण्यास लहान व्हॉल्व्ह पुरतात. पाठविण्यास मात्र मोठ्या शक्तीचे लागतात. दोहोंतही ऋणाग्र तापविलें म्हणजे त्यांतून इलेक्ट्रॉन वाफेसारखे बाहेर पडतात व धनाग्राकडे धांव घेतात. या क्रियेचा नियम शोधल्याबद्दल रिचर्डसन यांना १९२८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. उष्णता थोडी वाढली तरी प्रवाह फार वाढतो, असा तो नियम होय.

मग ऋणाग्र कशाचें करावें? शुद्ध टंगस्टनांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यास सुमारें ४·५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ति लागते. म्हणून तें सुमारें २,२०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावें लागतें. त्यांत एक-दोन टक्के थोरिया मिसळला, तर पृष्ठभागावर थोरियमचा अत्यंत पातळ थर येऊन २·६ इतकी शक्ति व सुमारें १,७०० अंश पुरतात. निकेलवर बेरियम व स्ट्राँशियम यांच्या ऑक्साइडांचा लेप दिला, तर सुमारें ८०० अंशांतच काम भागतें.

तर मग सर्वत्र लेपच कां नको? कारण कोणतीही नळी पूर्णपणें निर्वात नसते. मोठ्या व्हॉल्व्हांत हजारों व्होल्टांचा दाब असतो. उरलेल्या वायूचे धनभारित कण त्या दाबानें ऋणाग्रावर येऊन आदळतात व नाजूक लेप उखडून टाकतात. म्हणूनच मोठ्या व्हॉल्व्हांत प्रथम शुद्ध टंगस्टन वापरीत. पुढें थोरियायुक्त तारेच्या पृष्ठभागाचें कार्बाइड करून थोरियमची झीज मंदावण्यांत आली. आजच्या मायक्रोवेव्ह भट्टींतील मॅग्नेट्रॉनांतही अशीच तार असते. क्लायस्ट्रॉनांत बहुधा सच्छिद्र टंगस्टनांत बेरियमचीं संयुगें भरतात. सुमारें १,००० अंशांवर बेरियम आंतून झिरपत येऊन झीज भरून काढतें.

कमी आंचेंत अधिक देणारें तेंच उत्तम, असें नव्हे. मार सोसून दीर्घकाळ देत राहील तें उत्तम. गुळव्याही काहील निवडतांना हाच विचार करीत असेल, नाहीं कां?