घरचाच रोहिदास

घरच्या माणसांना घेऊन चित्रपट काढायचा म्हणजे फजिती आलीच. पण दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) चित्रीकरणातली एक हकीकत ऐकून हसू येत नाही. मंडळी वांगणीला होती. रोहिदासाचे काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र खेळताना दगडावर पडला आणि बेशुद्ध झाला. सगळे म्हणाले, मुंबईला न्या. दादासाहेबांनी मात्र रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य त्याच अवस्थेत टिपले, असे सांगतात.

निर्दयपणा? चित्रीकरण उन्हावर अवलंबून. पुन्हा सारा लवाजमा आणायला पैसा नव्हता. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडलेले. रात्री जागून फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या याच सरस्वतीबाई, त्या मुलाची आई. श्रेय देताना या घराने काय पणाला लावले, तेही आठवावे.