जुन्या क्रेडिट कार्डाचा नवा फोन: पैसे टाकण्याआधी तारीख शोधा

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आलाय. त्याच्या परवानगीनेच सांगतोय, पण नाव, गाव आणि बँक बाजूला ठेवून.

२०१९ साली पुण्यात पहिली नोकरी. ऑफिसातच येऊन कोणीतरी क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरून घेतला. सप्टेंबर २०१९ मध्ये नोकरी गेली, कार्डावर २२,००० रुपये थकले, पोरगा गावी परतला. नंबर बदलला, मग लॉकडाउन आला, विषय मागे पडला. आता बहिणीच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज काढायचंय, तो सहअर्जदार, आणि बँकेने त्याचा सिबिल बघून फाइल बाजूला ठेवली. त्यात रिकव्हरीवाल्याचा फोन: "१ लाख १० हजार झालेत. उद्या पोलीस घरी येतील. आज फक्त ५,००० टाका आणि बाकीचे भरतो असं लिहून द्या, केस थांबवतो." ॲडमिशनची मुदत तोंडावर आहे आणि तो विचारतोय, "दादा, पाच हजार टाकू का?"

आज नको. आधी तारीख शोध.

आधी पोलिसांचं बघू. कार्डाचे पैसे थकणं हा दिवाणी मामला आहे. फसवणूक केली असेल किंवा दिलेला चेक बाउन्स झाला असेल तर गोष्ट वेगळी. पण नोकरी गेली आणि बिल भरता आलं नाही, एवढ्यावरून कोणी अटक करत नाही. रिकव्हरी एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, घरच्यांना-मित्रांना फोन करून बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. घरी आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. दोन्ही नसेल तर दारातूनच नमस्कार.

आता २२ हजारांचे १ लाख १० हजार कसे झाले? महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण चक्रवाढीने तीन वर्षांत २२,००० चे जवळपास ७६,००० होतात. त्यावर लेट फी, आणि व्याज-फी दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. म्हणून आकडा बघून हबकू नका, त्याची फोड मागा: मूळ खर्च किती, व्याज किती, चार्जेस किती. २०२२ च्या नियमांनुसार न भरलेले चार्जेस आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. हे विचारणारा ग्राहक भेटला की समोरच्याचा सूर बदलतो.

तर, तारीख. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा थकबाकीसाठी कोर्टात दावा लावायला ३ वर्षं मिळतात. ती साधारणपणे पैसे थकल्यापासून मोजतात. या ३ वर्षांच्या आत तुम्ही सही करून "हो, देणं आहे" असं लिहून दिलं, किंवा थोडे पैसे भरले आणि त्याची तुमच्या सहीची नोंद झाली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. नवी ३ वर्षं सुरू.

मुदत संपल्यावर नुसते पाच हजार भरल्याने मेलेला दावा जिवंत होत नाही. पण करार कायदा, १८७२ च्या कलम २५ मध्ये एक मेख आहे: मुदत संपलेलं कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन दिलंत तर तो नवा करार होतो आणि त्यावर दावा लागू शकतो. आता कळलं ना, एजंटला पाच हजारांपेक्षा त्या दोन ओळी का हव्या होत्या? व्हॉट्सॲपचा मेसेज ही सही धरायची का यावर वकील भांडू शकतील. तो वाद आपल्या पैशाने कशाला लढायचा?

मोजताना करोनाचा काळ विसरू नका. सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळलाय. आपल्या श्रोत्याचे मार्च २०२० पर्यंत सहाएक महिने गेले होते. उरलेली अडीच वर्षं १ मार्च २०२२ पासून मोजली तर मुदत सप्टेंबर २०२४ च्या आसपास संपते. मधे त्याने ना काही भरलं, ना कशावर सही केली.

म्हणजे सुटला का? नाही. मुदत संपली म्हणजे कोर्टाचा दरवाजा बंद झाला, कर्ज पुसलं गेलं नाही. बँक सभ्यपणे मागू शकते. शिवाय सिबिलचं घड्याळ वेगळं चालतं: क्रेडिट माहिती कंपन्यांना तुमची नोंद कमीत कमी ७ वर्षं ठेवावी लागते. बहिणीची फाइल कोर्टामुळे अडलेली नाही, या नोंदीमुळे अडली आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे रिपोर्ट काढणं. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात शेवटच्या पेमेंटची तारीख बघा आणि पैसे आता कोणाला द्यायचे आहेत ते बघा, कारण बँका अशी खाती ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला विकतात. "राइट-ऑफ" लिहिलेलं दिसलं तर पार्टी करू नका. राइट-ऑफ ही बँकेच्या हिशेबाची सोय आहे, तुम्हाला दिलेली माफी नाही. फोन करणारा ज्याचं नाव सांगतो आणि रिपोर्टमध्ये जे नाव आहे ते जुळत नसेल, तर एक रुपया देऊ नका. एजंटच्या खासगी यूपीआयवर तर कधीच नाही.

मग भरायचे की नाही? माझं मत सांगतो. जे २२ हजार आपण खरंच वापरले ते हात मोकळा झाल्यावर द्यावेत. दंडावरच्या दंडासाठी मात्र घासाघीस करायला लाजू नये. मुद्दल आणि थोडं व्याज इथून बोलणी सुरू करा, जुन्या खात्यात बरीच सूट मिळू शकते. पण कमी पैशात मिटवलं की रिपोर्टमध्ये "सेटल्ड" येतं, आणि नवी बँक त्याकडे नाक मुरडते. "क्लोज्ड" हवं असेल तर पूर्ण रक्कम, किंवा चार्जेस माफ करून जी अंतिम रक्कम ठरेल ती, आणि "क्लोज्ड" असं नोंदवण्याचं लेखी आश्वासन. रक्कम, तारीख आणि रिपोर्टमधला शेरा लेटरहेडवर आल्याशिवाय पैसे हलवू नका. भरल्यावर नो ड्यूज पत्र घ्या आणि ते पत्र मेलमध्ये, घरात, दोन्हीकडे ठेवा.

आपल्या श्रोत्याकडे तेवढा वेळ नाही. आज पैसे भरले तरी रिपोर्ट सुधारून येईपर्यंत ॲडमिशनची तारीख उलटेल. त्याला मी सांगितलं की सहअर्जदार म्हणून आई किंवा वडिलांचं नाव लागतं का ते आधी बँकेत विचार, कार्डाचं त्यानंतर निवांत बघू. भीतीपोटी टाकलेल्या पाच हजारांनी बहिणीची फाइल एक इंचही पुढे सरकली नसती.

लोकअदालतीच्या नोटिशीबद्दलही बरेच जण विचारतात. मोबाइलवर पीडीएफ येते, वर शिक्का असतो, घरात रडारड सुरू होते. दाखल न झालेल्या प्रकरणात लोकअदालत म्हणजे तडजोडीचं आमंत्रण. तिथे तुमच्या संमतीशिवाय काही ठरत नाही. पण संमती दिलीत की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा लागू होतो आणि त्यावर अपील नाही. त्यामुळे जा, ऐका, पण परवडणाऱ्या रकमेशिवाय सही करू नका. कोर्टाचं समन्स किंवा अर्बिट्रेशनची नोटीस आली तर मात्र गप्प बसू नका. हजर राहून मुदत संपल्याचा मुद्दा मांडा, नाहीतर एकतर्फी निकाल लागू शकतो. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा.

रिपोर्टमध्ये चूक असेल, म्हणजे भरूनही थकीत दिसत असेल, तर बँकेकडे किंवा त्या क्रेडिट कंपनीकडे तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. एजंटच्या त्रासाची तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. कॉलची वेळ, नंबर, स्क्रीनशॉट जपून ठेवा, तिथे तेच कामाला येतं.

तुमच्याकडे अशी एखादी नोटीस आली असेल तर नाव आणि कार्ड नंबर झाकून फोटो पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन ओळीने वाचून बघू.